खानखोजे मेक्सिकोतच का गेले? (शाळेच्या तक्त्यासाठी माहिती हवी)

पाटीपेन्सिल: पांडुरंग खानखोज्यांवर तक्ता करतेय. गदर पक्षातला (अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांचा पक्ष) माणूस अमेरिका सोडून 1924 साली मेक्सिकोत का गेला? फरारी माणसाला तिथल्या सरकारी शेतकी शाळेत नोकरी कशी मिळाली? आणि त्यांनी केलेला मका व टिओसिंटेचा (मक्याचा रानटी भाऊबंद) संकर मुलांना कसा समजवायचा?

जुनी_दप्तरं: अमेरिकेचं दारच बंद झालं होतं. 1917-18 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हिंदू-जर्मन कटाचा (जर्मनीच्या मदतीने इंग्रजांविरुद्ध उठाव करायचा कट) खटला चालला, 1917 च्या कायद्याने हिंदी लोकांना प्रवेशबंदी झाली आणि 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात नागरिकत्वही नाकारलं गेलं. महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या माणसाला भारतात परतणं तर अशक्यच.

मेक्सिकोत मात्र ओळख होती. रामोन दे नेग्री पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे कॉन्सुल होते, पुढे शेतीमंत्री झाले. 1917 च्या राज्यघटनेनुसार तिथे जमीनवाटप चाललेलं, त्यामुळे शेतकी शिकवणारी माणसं हवीच होती. चापिंगोला, म्हणजे त्या सरकारी शेतकी शाळेत, खानखोज्यांच्या कामी आलं ते अमेरिकेत घेतलेलं शेतकीचं शिक्षण. मेक्सिकोत राहून गेलेले दुसरे हिंदी क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांना त्यांच्या शेजारी चिकटवू नका. रॉय 1919 सालीच तिथून निघाले होते.

कणीस: टिओसिंटे म्हणजे आपल्याकडे चाऱ्यासाठी लावतात ती मकचरी. संकराची रीत अशी: मक्याच्या कणसातून केस बाहेर पडायच्या आधीच त्यावर कागदी पिशवी चढवायची. चार केस जरी बाहेर आले असले तरी वाऱ्यावरचा परका पराग बसलाच समजा. टिओसिंटेच्या तुऱ्यावर आदल्या दिवशी पिशवी बांधायची, सकाळी दव सुकलं की तुरा झटकून पराग जमवायचा आणि लगेच केसांवर टाकून कणीस पुन्हा झाकायचं. कडक उन्हात पराग काही तासांत मरतो, केस आठवडाभर टिकतात.

घोळ होतो तो फुलोऱ्याचा. टिओसिंटे आखूड दिवसांत फुलतं, मका त्याच्या आधीच तुऱ्यावर येऊन जातो. म्हणून मका 8-10 दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत पेरायचा. एक तरी हप्ता जुळतो.

तक्त्यावर फक्त कणसं काढा. टिओसिंटेचं बोटाएवढं, मोजके दाणे, प्रत्येक दाणा टणक कवचात; मक्याचे दाणे उघडे, दाटीने. मुलांना एवढं पुरे.

पाटीपेन्सिल: वा, कवचाचं चित्र नक्की! 1947 नंतर लगेच परतले ना?

जुनी_दप्तरं: नाही हो. इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव स्वातंत्र्यानंतरही आडवं आलं, व्हिसा आधी नाकारलाच. कायमचे नागपूरला आले ते 1955 च्या सुमारास. 1967 साली तिथेच वारले. 'गदरचे संस्थापक' असं एकट्यालाच म्हणू नका. सोहनसिंग भकना अध्यक्ष होते आणि लाला हरदयाळही होते. पक्षाच्या 'गदर' पत्राचा पहिला अंक 1 नोव्हेंबर 1913 चा.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या भित्तिचित्राचा फोटो लावणार असाल तर जपून. खानखोजे दिसतात ते मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या चित्रात. चापिंगोच्या चॅपेलमधली चित्रंही रिवेराचीच, पण ती वेगळी. नेटवर सर्रास अदलाबदल झालेली असते.