लिनक्स मिंट २२ एक्सएफसीई : टचपॅडवर तीन बोटांचे जेस्चर चालेनात (वाचनालयातले लॅपटॉप, इंदूर)

रामबागकर
रामबागेतल्या एका वाचनालयाच्या दोन जुन्या लॅपटॉपवर मिंट २२ आहे, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवाली. तीन बोटं आडवी सरकवली की वर्कस्पेस (खिडक्यांचा वेगळा डेस्कटॉप) बदलावा, फायरफॉक्समध्ये मात्र मागचं-पुढचं पान यावं, एवढंच हवंय. लिबइनपुट-जेस्चर्स (बोटांच्या खुणा ओळखणारा प्रोग्रॅम) टाकलं, कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल भरली, खातं इनपुट ग्रुपमध्ये घातलं (म्हणजे कीबोर्ड-टचपॅड थेट वाचायची परवानगी). तरी ढिम्म. दोन बोटांचं स्क्रोल नीट चालतं.

जुनी_इंदूर
स्क्रोलवरून तिसऱ्या बोटाचं काही कळत नाही. लिबइनपुट-टूल्स पॅकेज टाका, टर्मिनलमध्ये सूडो (अॅडमिनचा हक्क) लावून 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा आणि तीन बोटं फिरवा. 'जेस्चर स्वाइप बिगिन' आणि पुढे ३ दिसला तर पॅड ठीक. नुसतं 'पॉइंटर मोशन' येत राहिलं तर कॉन्फिगमध्ये डोकं घालू नका.

मग टर्मिनलमध्ये 'आयडी' ही कमांड द्या, पुढे खात्याचं नाव न लावता. नाव लावलं की तो सिस्टिमच्या यादीत नोंदलेले ग्रुप दाखवतो, चालू सेशनचे नाही, आणि माणूस फसतो. इनपुट दिसलं नाही तर टर्मिनल बंद करून भागणार नाही. लॉगआउट करून परत या.

रामबागकर
३ आला. आयडीत इनपुट नव्हतं. रीस्टार्ट केल्यावर वर्कस्पेस बदलतोय!

टर्मिनलवाले_काका
अहो, थांबा जरा. इनपुट ग्रुपमधल्या खात्यात चाललेला कुठलाही प्रोग्रॅम कीबोर्डची प्रत्येक कळ वाचू शकतो, पासवर्डसकट. घरच्या लॅपटॉपवर एक वेळ चालेल. दहा जण बसतात तिथे मुळीच नको.

टचेग वापरा. त्याचा बोटं वाचणारा भाग सिस्टिम सर्व्हिस म्हणून चालतो, खात्याला ग्रुप लागत नाही. मिंटच्या रेपोत (सॉफ्टवेअरच्या भांडारात) आहे. सेटिंगसाठी फ्लॅटहब या अॅप-भांडारावरून टूशे घ्या, टचेगची एक्सएमएल सेटिंग-फाइल हाताने लिहायची गरज नाही. आडव्या स्वाइपला 'चेंज डेस्कटॉप'. फायरफॉक्ससाठी वेगळी नोंद करून 'सेंड कीज', ऑल्ट आणि डावा किंवा उजवा बाण.

आधी लिबइनपुट-जेस्चर्स थांबवून त्याचा ऑटोस्टार्टही काढा, खातं ग्रुपमधून बाहेर. दोन्ही चालू राहिले तर एका स्वाइपला दोन वर्कस्पेस उडतात आणि लोक टचपॅडला शिव्या घालतात.

रामबागकर
काका, जमलं. पण बोट जरा सरकलं तरी वर्कस्पेस बदलतो. आणि दुसऱ्या खात्यात माझी सेटिंग दिसतच नाहीत.

टर्मिनलवाले_काका
कॉन्फिगमध्ये 'अॅक्शन एक्झिक्यूट थ्रेशोल्ड' २० आहे, म्हणजे २० टक्के हालचालीला काम होतं. ३५-४० करून बघा.

सेटिंग खात्यागणिक असतात: होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात टचेग, त्यात टचेग डॉट कॉन्फ. ती फाइल ईटीसीतल्या स्केल (skel, नव्या खात्यांचा नमुना) फोल्डरात त्याच रचनेत ठेवली की पुढे उघडलेल्या खात्यांना आपोआप मिळेल. जुन्या खात्यांत हाताने टाका आणि चाऊन (chown) कमांडने मालकी त्या त्या खात्याला द्या. सूडोने कॉपी केलेली फाइल रूट म्हणजे अॅडमिनच्या नावावर राहते, मग टूशेतून बदल सेव्ह होत नाहीत.

जुनी_इंदूर
एक्सएफसीईच्या सेटिंगमध्ये वर्कस्पेस एकाहून जास्त आहेत ना तेही त्या खात्यात बघा. एकच असेल तर बोटं कितीही फिरवा.