संशोधनाला गुण द्यायचेत, पण त्याला रकानाच नाही. काय करू?

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, एकोणीस वर्षं झाली. यंदा प्राचार्यांनी मला संशोधन समितीत घातलंय. कॉलेजनं थोडा बीजनिधी बाजूला काढलाय, तो कुणाला द्यायचा हे आम्ही तिघांनी ठरवायचं. अर्ज सात, पैसा दोघांपुरता. पाच अर्जांचा निकाल सहज लागला. एका निधीसाठी दोघं उरलेत आणि पुढच्या मंगळवारी यादी द्यायची आहे.

पहिले एक सर. दोन वर्षांत चौदा पेपर, बहुतेक नॅनोकणांवर. एकात चांदीचे, दुसऱ्यात झिंक ऑक्साइडचे, तिसऱ्यात परत झिंक ऑक्साइडचेच, फक्त कडुलिंबाऐवजी तुळशीच्या पानांनी केलेले. लेखक पाच-सहा, नावांचा क्रम दर वेळी फिरता. मी चार पेपर बसून वाचले. चूक काही सापडली नाही. पण ते वाचून कुणी उद्या सकाळी काही वेगळं करेल, असंही काही सापडलं नाही.

दुसऱ्या एक मॅडम. पेपर एक, तोही २०१६ चा. पण गेले तीन हंगाम त्या तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर जातायत. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो: द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यामुळं आतलं पाणी लवकर सुटत नाही. म्हणून वाळवायच्या आधी माल पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात आणि मग शेडमध्ये जाळीवर पसरतात. एकाच टाकीत क्रेटमागून क्रेट बुडवत गेलं की फुटक्या मण्यांच्या रसातल्या आम्लानं त्या पाण्याचा जोर उतरतो. उतरला हे कळायचं कसं? तर हाताला बुळबुळीत लागतंय का, एवढंच. मॅडमनी दोन थेंबबाटल्या आणि एक तक्ता केला. टाकीतलं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलिननं ते गुलाबी होतं, मग आम्लाच्या किती थेंबांनी गुलाबी जातं ते मोजायचं आणि तक्त्यात बघून पावडर वाढवायची. बारावीच्या प्रॅक्टिकलचंच रसायन. अकरा शेडवाले वापरतात म्हणे.

आता आमच्या हातात तक्ता आहे तो यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतला. विज्ञानात पेपरला ८ गुण, वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्या नियतकालिकातल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा दाखला देतात तो आकडा) वाढीव. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. राष्ट्रीय पेटंटला ७. थेंबबाटलीला काही नाही. सरांची बेरीज शंभरीजवळ, मॅडमची नऊच्या आसपास.

देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, मग नवं काही निघणार कुठून, असं आम्ही स्टाफरूममध्ये चहा पिताना म्हणतो. ते खरंही आहे. पण जो थोडका पैसा आहे तो वाटायला आता मीच बसलोय, आणि माझ्या हातातली फूटपट्टी ही अशी. आमच्याच भागातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेस द्राक्षाच्या बागेतून निवडून 'तास-ए-गणेश' हा वाण काढला. त्यांना या तक्त्यात किती गुण पडले असते, हा हिशेब मी दोनदा करून बघितला. हासू येतं.

तर प्रश्न असा: कागदावर टिकेल असं मूल्यमापन कसं करतात? 'मला वाटलं' म्हणून चालणार नाही. सर उद्या अर्ज घेऊन प्राचार्यांपुढं उभे राहतील, आणि त्यांचं चुकेल असंही नाही.

जुना_बीकर
पुण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त आहे. पेपरांच्या मोजणीचं काय झालं ते आठवून बघा. यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं होती, त्यांतली काही पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासली. तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार निघाली. हे मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग तिच्या जागी निवडक नियतकालिकांची 'केअर' यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. यादी बदलून रोग गेला नाही, कारण रोग यादीत नव्हता. मोजणीवर बढती दिली की माणूस मोजता येईल तेच पिकवतो.

पेटंटाच्या भानगडीत पडू नका. 'प्रसिद्ध झालं' म्हणजे अर्ज दाखल झाल्यावर अठरा महिन्यांनी तो सरकारी जर्नलमध्ये छापला गेला, एवढंच. मंजूर झालं का, आणि झालं असेल तर नूतनीकरणाची फी कोण भरतंय, हे विचारा. खिशातून कोणी पैसे भरत नसेल तर ती भिंतीवर लावायची चौकट. 'स्वराज' ट्रॅक्टरचं डिझाइन दुर्गापूरच्या सरकारी प्रयोगशाळेत झालं, १९७४ मध्ये तो पंजाबात बाजारात आला. त्याचं मोल कुठल्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये बसवणार?

पण आता मॅडमविषयी, आणि हे कडू लागेल. अकरा जण वापरतात हा पुरावा नव्हे. फुकट दिलं की लोक घेतात. बाटली वापरलेल्या आणि न वापरलेल्या टाकीतला माल शेजारी ठेवून कोणी तोलला का? किती दिवसांत वाळला, रंग कसा आला, भाव काय मिळाला? हे नसेल तर ती समाजसेवा. चांगली गोष्ट आहे, पण संशोधन निधी वेगळा.

काय_राव
सरांना द्या. स्टाफरूममध्ये शांतता राहील.

लीड्सकर
मूळचा इचलकरंजीचा, इथं इंग्लंडात विद्यापीठात आहे. आमच्याकडं विद्यापीठांच्या संशोधनाची 'रेफ' नावाची परीक्षा काही वर्षांनी होते. तिच्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे सगळे पेपर मागतच नाहीत. २०२१ च्या फेरीत एका माणसाचे जास्तीत जास्त पाच आणि विभागाची सरासरी माणशी अडीच. शंभर छापा, परीक्षक मोजकेच वाचणार. दुसरं, २५ टक्के गुण परिणामाला. तेही 'परिणाम झाला' असं लिहून मिळत नाहीत, कोणाचं काय बदललं ते पुराव्यानिशी मांडावं लागतं, आणि वाचणाऱ्यांत विद्यापीठाबाहेरचे, ते काम वापरणारे लोकही असतात. म्हणजे तुमच्या समितीत एक शेडवाला.

भुलून मात्र जाऊ नका. त्या एका फेरीचा खर्च सुमारे ४७ कोटी पौंड निघाला. परिणामाच्या गोष्टी गोड शब्दांत लिहून द्यायला माणसं पगारावर ठेवली जातात. तुम्हाला त्यातलं एक पान पुरे: प्रत्येक अर्जदारानं आपली दोनच कामं निवडायची आणि ती कोणाच्या उपयोगी पडली ते लिहायचं.

कुपवाड_एमआयडीसी
माझा छोटा कारखाना आहे, फळं-भाज्या वाळवण्याचा. एका संस्थेकडून तंत्रज्ञान घेतलं होतं, पैसे मोजून. त्यांच्याकडं दोनशे ग्रॅमवर सुंदर चालायचं. माझ्या दोन टनांच्या ड्रायरमध्ये गूळ झाला. फोन केला तर म्हणाले, पेपर तर छापून आलाय. तो प्रकल्प त्यांच्या दप्तरी आजही 'यशस्वी' असणार.

केंद्रानं २०२५ मध्ये एक लाख कोटींची आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) योजना मंजूर केली, तीही तंत्रज्ञानाच्या चौथ्या तयारीपातळीपासून पुढच्या कामांना. म्हणजे काम निदान प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं हवं. त्याआधीचं कोण बघणार? तुमच्यासारखी कॉलेजंच ना. मला विचाराल तर अर्जदाराकडं फसलेल्या बॅचची वही मागा. ती ज्याच्याकडं असेल त्यानं खरंच काम केलंय.

द्राक्षवेल
सगळ्यांचे आभार. काय_राव, तुमचाही, पण नाही.

जुना_बीकर यांचं वाचून रात्री झोप लागली नाही. रविवारी मॅडमना घेऊन शेडवर गेलो. हंगाम जोरात आहे, गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. अकरापैकी चौघंच खरं वापरतात. दोघांच्या बाटल्या देवाच्या फोटोमागं, सील न काढलेल्या. पण एका शेडवाल्या मावशींकडं वही निघाली: तारीख, थेंब किती, पावडर किती वाढवली, माल कितव्या दिवशी उतरवला. शेजारच्या टाकीत त्यांनी मुद्दाम जुन्या पद्धतीनं केलं होतं, त्याचीही नोंद. "बाईंवर भरवसा न्हवता म्हणून," असं तोंडावर म्हणाल्या. मॅडम लाल झाल्या. दोन बॅच थेंब मोजूनही काळ्या पडल्या होत्या, तेही लिहिलेलं. मी सगळ्या पानांचे फोटो काढले.

लीड्सकरांचं एक पान सोमवारी दोघांकडूनही मागितलं. सर आधी चिडले, चौदातले दोनच कसे म्हणून. मग दोन दिवसांनी पान दिलं. त्यातलं पहिलं काम मी वाचलेल्या चारांत नव्हतंच. येरळा नदीकाठच्या विहिरींतल्या पाण्यातलं नायट्रेट, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, स्वतः सायकलवर फिरून घेतलेले नमुने. छापलं होतं कुठल्याशा साध्या अंकात, त्याला सगळ्यात कमी गुण होते. मी म्हटलं, सर, हे सोडून तुळस कशाला? म्हणाले, "याला आठ महिने लागले. तुळशीला तीन आठवडे."

आता आम्ही दोघांनाही अर्धा-अर्धा निधी सुचवलाय. सरांचा विहिरींसाठी, मॅडमचा दोन टाक्या शेजारी ठेवून नीट मोजमाप करण्यासाठी. तक्त्याची बेरीज खाली जोडली आहे, ती लपवली नाही. मावशींच्या वहीची पानंही जोडली. प्राचार्यांनी फाइल चाळली, वहीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "याचे गुण किती धरायचे?"