तरोटा असताना डिटॉक्सची पाकिटं काहून विकत घ्यायची?

धुऱ्यावरचा (वाशीम जिल्हा):
मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले, आमच्या धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, वीतभर वर आला. काल मायनं टोपलंभर कोवळा पाला खुडून आणला, उकडला, पाणी पिळून टाकलं, मंग भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लसूण अन हिरवी मिरची घालून भाजी केली, सोबत ज्वारीची भाकर. आज सकाळी पोट एकदम हलकं. आमची आजी म्हणायची आखाडात तीनदा तरी तरोटा पोटात गेला पायजे, वर्षाची घाण निघून जाते. अन आता तालुक्यात लोक चारशे रुपये मोजून डिटॉक्स चहाची पाकिटं आणून राहिले, जे झाड आपण कचरा म्हणून उपटून फेकतो ते फुकट असताना! मी ठरवलं, पाला सावलीत वाळवून पावडर करायची अन रोज उपाशीपोटी एक चमचा कोमट पाण्यातून वर्षभर घ्यायची, गावातल्या दहा-बारा जणांनाही देतो. कोणाला पटत नसेल तं सांगा.

उपकेंद्रातली ताई:
भाऊ, भाजीला माझा अजिबात विरोध नाही, मी पण खाते. पावडरला आहे. तरोटा अन मेडिकलातली सोनामुखी जवळचे नातेवाईक आहेत, दोघांतही अँथ्राक्विनोन नावाची द्रव्यं असतात. सोनामुखीत ती जास्त जोरदार, तरोट्यात सौम्य, पण त्यांनी आतडं हलतं म्हणून पोट साफ होतं. ती घाण नसते हो, त्यात पाणी अन क्षार जातात, पोटॅशियम जातं. रक्तातली घाण काढायचं काम लिव्हर अन किडनी रोज करतात. मागच्या वर्षी एक आजोबा आले, पाय लटपटत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती अन वरून दोन महिने कोणीतरी दिलेलं पोटसफाईचं चूर्ण. दोन्हीकडून पोटॅशियम गेलं, सलाईन लावावं लागलं. तुमच्या दहा-बारा जणांत किती जणांना बीपी आहे, विचारलं का?

रानभाजीवाला:
ताई, तुम्ही सगळं गोळीच्या हिशोबानं मोजता. आजीचं बोलणं समजून घ्या ना. उन्हाळ्यात आपल्या घरी काय शिजतं? चून, वरण, वड्या, पापड, लोणचं, सगळं वाळलेलं. हिरवा पाला दोन-अडीच महिने डोळ्याला दिसत नाही. मंग पहिल्या पावसात जी पहिली भाजी उगवते ती तरोटा, ना पेरली ना पाणी दिलं. तंतुमय पाला पोटात गेला की पोट साफ होणारच, अन जुन्या माणसांनी त्यालाच घाण निघणं म्हटलं. त्यात चूक काय? विज्ञानाच्या नावानं आजीला वेडं ठरवू नका.

उपकेंद्रातली ताई:
आजीला वेडं कोण म्हणून राहिलं? उलट मी तिच्याच बाजूनं बोलून राहिले. आजीनं पाणी पिळून टाकलं, कोवळाच पाला घेतला, पोळ्यापर्यंत पिवळी फुलं आली की पाला जून अन कडू होतो म्हणून खाणं बंद केलं. तीनदा म्हटलं, तीनशे पासष्टदा नाही. आता पाणी न टाकता कच्चा पाला वाळवून रोज खायचा, हे आजीचं कुठे आहे?

चरोटा-टाकळा:
आयुर्वेदात तरोट्याला चक्रमर्द म्हणतात अन दुसरं नाव दद्रुघ्न, म्हणजे दाद मारणारा. आमच्याकडे बी आंबट ताकात वाटून गजकर्णावर लावतात. नावच कातडीच्या रोगावरून पडलंय. पण औषधी आहे हे तरी मान्य करा, हजार वर्षं लोक उगाच नाव ठेवत नाहीत.

पराटीवाला (यवतमाळ):
तुमचं आयुर्वेद अन लिव्हर बाजूला ठेवा, पाला कुठून खुडता ते सांगा. आमच्याकडे आता निंदायला बाई मिळत नाही, धुऱ्यावर सर्रास तणनाशक मारतात, तरोटा दोन-चार दिवस हिरवाच दिसतो, मंग पिवळा पडतो. त्या दोन-चार दिवसांत कोणी खुडला तं? २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते दिवस आम्ही डोळ्यानं पाहिले. दुसऱ्याच्या वावरातली भाजी मी विचारल्याशिवाय खुडत नाही अन पोरांनाही खुडू देत नाही.

मास्तर, गडचिरोली:
अजून एक, अन हे सगळ्यात महत्त्वाचं. तरोट्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो, रानटाकळा म्हणतात तोच. तरोट्याच्या डेखाला (देठाला) पानांच्या तीन जोड्या, टोक गोल. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोक भाल्यासारखं अणकुचीदार, चुरगळलं की घाण वास. तरोट्याची शेंग बारीक लांब वाकडी, त्याची चपटी. २०१६ साली ओडिशात मलकानगिरीला शंभराच्या आसपास लहान मुलं दगावली, काहींना जपानी मेंदुज्वर होता, पण वेल्लोरचे विषाणूतज्ज्ञ डॉ. जेकब जॉन यांच्या पथकानं पुष्कळ मुलांच्या बाबतीत कासविंद्याच्या बियांकडे बोट दाखवलं. त्या आधी पश्चिम उत्तर प्रदेशातही तेच सापडलं होतं, लिव्हर, स्नायू अन मेंदू एकदमच जातात. भाजी खुडताना माय डेख हातात धरून पाहते, पावडर झाल्यावर कोण पाहणार?

धुऱ्यावरचा:
मास्तर, कासविंद्याचं मला माहीत नव्हतं, आज मायला विचारलं, ती म्हणे तो वासावरूनच कळतो, मी कधी हातच लावला नाही. म्हणजे तिला माहीत होतं अन मला नाही, हे लागलं मनाला. लोकांना पावडर देणार नाही, कॅन्सल. पण मी स्वतः आखाड-श्रावणात आठवड्यातून दोनदा भाजी खाणार अन त्याला पोटाची सफाईच म्हणणार, ताईला पटो न पटो.

उपकेंद्रातली ताई:
सफाई म्हणा, नाव काही ठेवा. बीपीवाल्यांची नावं मात्र उद्या मला पाठवा, पावडर कोणाला आधीच दिली असेल तर.

धुऱ्यावरचा:
दोघांना दिली होती. आत्ताच परत मागायला निघालो.

रानभाजीवाला:
मायला घेऊन एकदा धुऱ्यावर फिरा अन दोन्ही झाडांचे फोटो इथं टाका. आमच्या पोरांनाही दाखवायचे आहेत.