मदत हवी आहे: पुरात पुढं व्हायचं धाडस कसं येतं?
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. चिखली-आंबेवाडीची माणसं बोटीतून बाहेर काढावी लागली. यंदा मला बचाव पथकात नाव द्यायचंय. पोहता येतं, पण रात्रीच्या वाहत्या पाण्याचा विचार आला की छाती धडधडते. कुणाची तरी म्हातारी आई माझ्या भरवशावर बोटीत बसणार, तिथं कमी पडून चालणारच नाही.

पुरात काम केलेल्यांनी सांगा, ही भीती सरावानं जाते का? सराव कुणाच्या हाताखाली करावा? की आधी जनावरं हलवायला जाऊ? (गोठा भरलेला असला की माणसं घर सोडत नाहीत, त्यामुळं ते कामही मोठंच.)