जैसलमेरला दोन महिने गाडीत राहायचंय, सोलापुरातून काय करून निघावं?

होटगी रोड
फोर्स ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे, पासिंगही झालंय. दिवाळी झाली की निघायचं आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला परत यायचं असा बेत आहे. माणसं दोन, साठीच्या पुढची. छतावर २०० वॅटचे दोन पॅनल सपाट बसवलेत. १५० एएचची (अँपिअर-तास) एक ट्युब्युलर बॅटरी, ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज, १५० लिटरची पाण्याची टाकी आणि कॅसेट टॉयलेट (खालची मैल्याची पेटी काढून रिकामी करता येते ते) आहे. एवढ्यावर भागेल का? झोपण्याआधी गॅस थोडा वेळ पेटता ठेवून गाडी ऊबदार केली तर चालतं का? आणखी एक, राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापुरातून थेट राजस्थानातल्या चुरूपर्यंत जातो. मग जैसलमेरऐवजी तिकडेच मुक्काम टाकला तर?

वायरमन
आधी गॅसचं. ऊब मिळवायला गॅस पेटवायचा नाही, थोडा वेळसुद्धा नाही. बंद गाडीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपलेला माणूस उठतच नाही. कोळशाची शेगडी तर गाडीत आणूच नका, राख धरलेले निखारेही तोच वायू सोडत राहतात. स्वयंपाक खिडकी उघडी ठेवूनच करा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे गळतीचा अलार्म तळाशी हवा आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळातून थेट बाहेर जाणारं भोक हवं.

ऊब हवी तर २ किलोवॅटचा डिझेल हीटर बसवा. त्याचा धूर वेगळ्या नळीने गाडीबाहेर जातो. ताशी ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल लागतं. पेटताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) ८-१० अँपिअर ओढतो, नंतर हीटर १-२ अँपिअरवर चालतो. बॅटरी उतरलेली असेल तर पहाटे नेमका पेटतानाच व्होल्टेज पडून हीटर बंद होतो. सतत मंद चालवला की आत काजळी धरते, म्हणून रोज पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवा.

आता ऊन. वाळवंट म्हणजे भरपूर ऊन हा हिशेब डिसेंबरात चुकतो. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य सोलापुरात क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो, जैसलमेरला जेमतेम ४०. सपाट पॅनलवर त्या वेळी थेट उन्हातलं ६४ टक्केच पडतं. पॅनलला बिजागऱ्या लावून दक्षिणेकडे ४५ अंश उचलता येईल असं करा, दुपारचं उत्पादन जवळपास दीडपट होतं. वारा सुटला की मात्र लगेच खाली घ्या.

तुमचा रोजचा खर्च असा: फ्रिज ३०-४० एएच, हीटर १५, पंप-दिवे-मोबाइल १०-१५. म्हणजे पंचावन्न ते सत्तर. ट्युब्युलर निम्मीच वापरायची, म्हणजे ७५ एएच हाताशी. दोन दिवस ढग आले की संपलं. शिवाय ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, राहत्या गाडीत बाहेर हवा जाणारी पेटी लागते. २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या आणि आतल्या बाजूला ठेवा. इंजिनवरून चार्जिंगला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालत्या इंजिनच्या विजेवर आतली बॅटरी नीट चार्ज करणारा), १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, इंजिनची आणि आतली अशा दोन्ही बॅटऱ्यांशेजारी ५० अँपिअरचा एकेक फ्यूज. एकच फ्यूज लावण्याची चूक फार होते. वायर मध्येच घासून शॉर्ट झाली तर करंट दोन्हीकडून येतो.

चुरू नको. तिथे पारा शून्याखाली जातो. चासीखालचे पाण्याचे पाइप गोठून फुटतात आणि शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, पेशी कायमच्या बिघडतात.

माळरान
पाण्याचं सोपं आहे. सोलापूरकराला नळ कित्येक दिवसांआड येण्याची सवय असतेच. दोघांना पिणं-स्वयंपाक ८ लिटर, भांडी ५, बादलीने अंघोळ प्रत्येकी १२ धरली तर टाकी चार दिवस जाते. भरताना विचारून घ्या, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी चालतं, तिथलं बोअरचं बऱ्याच ठिकाणी खारं असतं. पिण्याचं वेगळ्या कॅनमध्येच ठेवा. कॅसेट वाळूत किंवा नाल्यात रिकामी करू नका. सेप्टिक टँक असलेल्या शौचालयात, त्यांना सांगून करा. कॅसेटमध्ये फॉर्मलीनवालं रसायन घालू नका, त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात.

मुक्कामाची जागा निवडताना सम आणि सुदासरीकडचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कचा आहे हे लक्षात ठेवा. तिथला गोडावण म्हणजे आपल्या नान्नजचा माळढोक. मोजकेच उरलेत ओ. जमिनीवर अंडी घालणारा पक्षी आहे, त्यामुळे माळावर गाडी घालायची नाही. परवानगी असलेल्या कॅम्पच्या आवारात पैसे देऊन थांबा.

होटगी रोड
हीटर आणि लिथियम पक्कं. गाडीत चादरी भरपूर आहेत, काचांना त्याच लावल्या तर?

माळरान
काचेला चिकटवून नको. दोन माणसांच्या श्वासातून रात्रीत बरंच पाणी हवेत जातं. ते थंड काचेवर धरतं आणि सुती चादर ते पिऊन घेते. सकाळी चादर ओली, आठवड्यात बुरशी. काचेच्या मापाचे १० मिलिमीटरचे फॉइलवाले फोमचे तुकडे कापून घट्ट बसवा. चादर ड्रायव्हरच्या सीटमागे आडवी, छतापासून तळापर्यंत सोडा, म्हणजे पुढच्या काचेचा गारवा मागे येत नाही. छताची झडप दोन बोटं उघडी ठेवूनच झोपा, हीटर चालू असला तरी.

वायरमन
डिझेलचं राहिलं. सोलापुरातून भरलेल्या टाकीवर तिथली थंडी काढू नका. थंडीत डिझेलमधलं मेण जमून फिल्टर तुंबतो. राजस्थानात शिरल्यावर टाकी बरीच रिकामी करून तिथलं हिवाळी डिझेल भरा. हीटरची वेगळी टाकी असेल तर तिच्यातही तेच.