बागेत नळ हवाय, पण बाथरूमच्या टाइल्स फोडायच्या नाहीत

प्रश्न:
नाशिकला तळमजला आणि वर एक मजला असं रो-हाउस, टाकी गच्चीवर. आतलं सगळं प्लंबिंग कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेलं. बाग मागे, तिकडे नळच नाही. मागच्या भिंतीवरून टाकीचा एक इंची डाउनटेक (टाकीतून खाली पाणी आणणारा पाइप) उतरतो, पण भिंतीला अगदी चिकटून. टाइल्स न फोडता जमेल का?

प्रतिसाद १:
डाउनटेक बाहेर आहे ना, मग टाइल्सना हात लावायची गरजच नाही. तो सोलरच्या गरम पाण्याचा नाही एवढी खात्री करा आणि पाइपवरचं छापील वाचा. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारं प्लास्टिक) असेल तर टी (तीन तोंडांचा जोड) आणि सोल्युशनही (पाइप चिकटवायचा द्रव) सीपीव्हीसीचंच. यूपीव्हीसीचं, म्हणजे थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचं, सोल्युशन त्यावर टिकत नाही. टी घ्या एक इंच बाय पाऊण, पुढे नळापर्यंत पाऊण इंची पाइप.

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, खालचे नळ उघडा आणि वरचाही एक उघडा ठेवा, म्हणजे हवा शिरून पाइप पूर्ण रिकामा होतो. कापलेल्या तोंडातून थेंब गळत असताना सोल्युशन लावलं की जोड गळणारच. टीच्या लांबीएवढा तुकडा कापू नका. लांबीतून दोन्ही सॉकेटांची (पाइप आत शिरतो त्या तोंडांची) खोली वजा करा. वरखालचे दोन-दोन क्लॅम्प सोडले की पाइप पुढे ओढून टी बसवता येते.

प्रश्नकर्ता:
क्लॅम्प प्लास्टरमध्ये गाडलेत. पाइप हलतच नाही.

प्रतिसाद १:
मग टीच्या एका बाजूला युनियन (नटाने जुळणारा दोन भागांचा जोड) टाका. त्याचे दोन भाग वेगवेगळे चिकटवून शेवटी नट आवळायचा, पाइप ताणावा लागत नाही. त्या जागी मागे बोटभर प्लास्टर छिन्नीने काढा, नाहीतर नट फिरणार नाही. २४ तास पाणी सोडू नका.

प्रतिसाद २:
खरी गळती नळाच्या आट्यांपाशी होते. साधा प्लास्टिकचा एल्बो (काटकोनी जोड) नळ आवळताना तडकतो. आत पितळी आटे असलेला पाऊण बाय अर्धा इंची एल्बो घ्या, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा. एल्बोच्या अगदी जवळ पाइपला क्लॅम्प हवाच, कारण रबरी पाइप ओढला की सगळा झटका तिथे बसतो. नळ जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा, खाली बादली मावते. आणि टीनंतर लगेच बॉल व्हॉल्व्ह (पाणी बंद करायची कळ), नाहीतर नळ बदलायला अख्ख्या घराचं पाणी बंद!

प्रतिसाद ३:
रबरी पाइपचं तोंड खताच्या ड्रममध्ये बुडालेलं असताना टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर ते पाणी घरच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ शकतं. बॉल व्हॉल्व्हनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवा, त्यावरचा बाण नळाकडे. मात्र हलक्या फ्लॅपचा घ्या. कडक स्प्रिंगचा गच्चीच्या टाकीच्या दाबाला नीट उघडत नाही. टाकी नळापासून २५ फूट उंच धरली तरी दाब पाऊण बारच भरतो. झाडांना पाणी घालायला पुरे, स्प्रिंकलर मात्र धड फिरणार नाही.