विषय: आल्बाजवळचं फॅमिली हॉटेल, हाफ बोर्ड घ्यावं का?

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन इटलीतल्या पिएमोंतेत चार दिवस जातोय, आल्बाजवळ बारा खोल्यांचं घरगुती हॉटेल मिळालंय. रात्रीच्या जेवणासकट (म्हणजे हाफ बोर्ड) माणशी तीस युरो जास्त सांगतायत. घ्यावं की रोज बाहेर खावं? आई शाकाहारी (अंडं चालतं). बाबांना वाईन आवडते पण लिस्टमधल्या बारोलोच्या (तिथली नावाजलेली लाल वाईन) किमती बघून म्हणाले, त्यापेक्षा मी ताक पितो. नाना, तुम्ही दरवर्षी जाता ना तिकडे?
मिनू

---

मिनू, डोळे मिटून घे. अशा ठिकाणी आत आई रांधते, बाहेर बाप वाईन ओततो आणि लेक वाढते, आणि त्या दिवशी जे केलंय ते खायचं, आपल्या कोकणातल्या घरगुती खानावळीसारखंच, फक्त इथे ताट एकदम भरून येत नाही, एकेक पदार्थ येतो आणि दोन तास सहज जातात. साडेसातच्या आधी किचन हलत नाही, बरोबर मुलं असतील तर त्यांना पाचला काहीतरी चार.

आता बाबांचं ताक. बारोलो कायद्याने किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडी पिंपात, तोवर विकताच येत नाही, मग तेवढे दिवस अडकलेला पैसा आपल्याच बिलातून वसूल होणार. त्याच नेब्बिओलो द्राक्षाची 'लांगे नेब्बिओलो' मागा, तिला एवढं मुरायची अट नाही आणि बरेचदा बनवणाराही तोच असतो. तिथली माणसं रोज पितात ती मात्र दोल्चेत्तो. नावावर जाऊ नका, गोड नसते, आणि लवकर प्यायची असते म्हणून स्वस्त. मागे मी शहाणपणा करून लिस्टमधल्या सगळ्यात महागड्या बाटलीवर बोट ठेवलं, तर मालकाने माझ्या ताजारीनकडे बघितलं (केसासारख्या बारीक शेवया, किलोभर पिठाला तीस-तीस बलक घालतात, वर नुसतं लोणी आणि सेजची पानं), जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि आतून निम्म्या किमतीची दोल्चेत्तो घेऊन आला. तेव्हापासून मी लिस्ट उघडतच नाही, त्यालाच विचारतो.
नाना

---

नाना, आईंच्या जेवणाचं राहिलंच की! मिनू, 'बान्या काउदा' अजिबात मागवू नकोस. दिसायला भाज्या आणि मध्ये गरम सॉसची वाटी, पण त्या सॉसमध्ये लसणाबरोबर अँकोव्ही म्हणजे मासा विरघळवलेला असतो. आमच्या सासूबाईंनी अर्धी वाटी संपवून 'लसणाची चटणी काय सुरेख आहे गं' म्हटलं, आणि मग मला कळलं. अजून सांगितलेलं नाही, कोणी सांगू पण नका. 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही, मासा ते मांसात धरत नाहीत, 'पेशे' (मासा) आणि 'अच्चुगे' (अँकोव्ही) दोन्हीला वेगळं नाही म्हणायचं. 'प्लीन' म्हणजे चिमटीने मिटलेल्या छोट्या करंज्या, त्यातही बहुतेक वेळा मांसच असतं. गोडात 'बुनेत' घ्या, कोको-बदामी बिस्किटांचं पुडिंग, खरवसाच्या जवळपास जातं.

आणि ऑक्टोबर म्हणजे पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी, पदार्थावर किसून घालतात) सीझन, वेटर किसायला लागला की हात आडवा घाला, ग्रॅमवर पैसे आहेत.
बाझलहून वैनी

---

हाफ बोर्ड बुक केलं! बाबा विचारतायत ट्रफलचा वास कसा असतो.
मिनू

---

हिंगाच्या डबीत लसूण विसरल्यासारखा.
नाना